माझ्या बाजूचा ब्रेक

३ मार्च, सोमवार

गुंडीला लस द्यायला नेलं होतं. नर्सबाई म्हणाल्या, तुमचे हात का थरथरतायत? मी म्हटलं थंडी आहे. त्या म्हणाल्या, पंखा चालू आहे. मग म्हणाल्या, पहिलं मूल असलं की आईला भीती वाटतेच, एक वही करा, ज्याची भीती वाटली ते रोज लिहा, लिहिलं की कमी होते.

मला कशाचीच भीती वाटत नाही. पण टायरवाल्याने फुकट दिलेली डायरी घरात पडली होती, ती वाया कशाला घालवा. प्रत्येक पानावर कोपऱ्यात टायर छापलाय. शाळा सातवीत सुटली, अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे. पण वाचणार कोण? मीच.

तर काल आमच्या पिकअपचा ब्रेक गेला. आमचे हे गाडी चालवत होते, बाजूला मी, मांडीवर गुंडी, मागे रिकामे ड्रम. बाजाराचा उतार लागला, ह्यांनी पेडल दाबलं आणि ते लोण्यात बोट जावं तसं खाली गेलं. गेलं ते गेलंच. हे म्हणाले, अगं, ब्रेक लागत नाहीये. हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मला वाटलं घरातलं मीठ संपल्याचं सांगतायत.

मग कोणीतरी खूप जोरात किंचाळलं. मी नव्हते. रस्त्यावरचं कोणीतरी असेल. घसा माझा बसलाय, पण तो धुळीने.

गाडी लाकडाच्या वखारीमागच्या भुशाच्या ढिगात जाऊन थांबली. आम्ही तिघंही भुसा भुसा. गुंडी हसत होती, तिला वाटलं मुद्दाम केलं. हे सगळ्यांना सांगत सुटलेत की गिअर खाली घेतला, हँडब्रेक ओढला, म्हणून वाचलो. खरं काय ते मला माहीत आहे. मी माझ्या बाजूला पाय असा दाबून धरला होता की गाडीला थांबावंच लागलं. हे मी कोणाला बोलले नाही. उगाच ह्यांना वाईट वाटायचं.

ठरवलंय, गॅरेजला मी स्वतः जाणार. हे फार साधे आहेत. ह्यांना कोणीही गोड बोलून परत पाठवतं.

४ मार्च, मंगळवार

दूधवाल्या काकूने तिच्या गाडीला दोर बांधून आमची पिकअप ओढत गॅरेजला नेली. दोन्ही गाड्यांच्या पुढे मी चालत होते, लोकांना बाजूला करायला. गाडीत बसायला जागा होती. पण पाय मोकळे केलेले बरे असतात.

गॅरेजच्या मिस्त्रीला सगळे पाठीमागे परवा मिस्त्री म्हणतात. का ते लगेच कळलं. तो खाली सरपटला, बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, ब्रेकचा मास्टर सिलिंडर गेलाय, ऑइल सगळं गळलंय, नवा पार्ट मागवतो, परवा येईल.

गॅरेजच्या दारात एक माणूस नव्याकोऱ्या तीन सीटच्या सोफ्यावर बसला होता. मला वाटलं मालक. तो सोफेवाला निघाला. त्याच्याही पिकअपचा ब्रेक गेलाय, गिऱ्हाइकाचा सोफा गाडीतच अडकला होता, तो त्याने उतरवला आणि त्यावर बसून वाट बघतोय. मला म्हणाला, बसा वहिनी, प्लास्टिक काढलेलं नाही, अजून नवीनच धरायचं. म्हणाला, माझ्या गाडीत मांजर व्यालीय, आता ब्रेक आला तरी पिल्लं मोठी होईपर्यंत गाडी हलवता येणार नाही.

मिस्त्रीने केबिनचं दार उघडलं आणि माझ्या पायाखालची चटई बघून थबकला. तिला टाचेएवढं भोक पडलंय आणि खालचा पत्रा वाटीसारखा खोल गेलाय. त्याने विचारलं, इथे गॅसची टाकी ठेवता का? मी म्हटलं, गुंडीची पिशवी असते तिथे. जड असते.

हे स्टिअरिंगमागे बसून खोकत होते. ह्यांना धूळ सोसत नाही.

६ मार्च, गुरुवार

परवा आला. पार्ट आला नाही. मिस्त्री म्हणाला, परवा.

मी त्याला चांगलीच झाडणार होते. शब्द जमवून नेले होते. पण गेल्यावर बघितलं तर बिचारा दोन गाड्यांच्या मधे चहा पीत होता. मग मी एवढंच म्हटलं की घाई करू नका, जे करायचं ते नीट करा. आणि पार्ट येतोय तोवर मागची चाकंही उघडून बघा.

घरी हे म्हणाले, काय म्हणाला? मी सांगितलं, मी त्याला कामाला लावलंय.

८ मार्च, शनिवार

मोठी बातमी. हॅचरीच्या मॅडमचा फोन आला. कोंबडीची पिल्लं अंड्यातून निघाली की त्याच दिवशी डोंगरापलीकडच्या फार्मला पोचवायची असतात. सतरा तारखेला ट्रायल लोड आहे. नीट पोचवला तर वर्षभराचं काम आपलं. नाहीतर नवीन गाडीवाला एक जण टपलेलाच आहे.

हे काम हवंच. आत्ता आमचं असं आहे की आज ड्रम, उद्या कोणाचा पलंग, परवा काहीच नाही. ह्यांनी मला सांगून ठेवलंय, हे काम नाही मिळालं तर ते लांबच्या ट्रकवर जाणार. लांबचा ट्रक म्हणजे महिना महिना घरी नाही. गुंडी तोवर चालायला लागेल आणि ह्यांना बघून कोण आलंय म्हणून रडेल.

सतरा म्हणजे सतरा. मॅडम म्हणाल्या, गाडी तयार नाही म्हणून पिल्लांना परत अंड्यात जा असं सांगता येत नाही.

आणि अट अशी की ड्रायव्हरसोबत दुसरा माणूस हवा. पिल्लं गाडी वळली की एका कोपऱ्यात जमतात, एकमेकांच्या अंगावर चढतात, खालची गुदमरतात. कोणीतरी मधेमधे उतरून खोके उघडून त्यांना पसरवायला हवं. हे म्हणाले, तू येशील? मी म्हटलं, त्यात काय.

सासूबाई लगेच म्हणाल्या, हिला नको नेऊ, मी येते, मला कसली भीती.

मला असली बोलणी आवडत नाहीत. म्हटलं, आई, तुमचा गुडघा. त्या म्हणाल्या, गुडघ्याला काय झालंय? मी म्हटलं, काही झालं नाही, पण होईल.

ठरलं. मी जाणार. गुंडी माझ्याशिवाय राहत नाही, म्हणून तीही. डोंगराचा उतार भलताच आहे म्हणतात. वळणावर वळण आणि एका बाजूला काहीच नाही. काहीच नाही म्हणजे मोकळी हवा. चांगलं आहे ते. गुंडीला हवा लागेल.

१० मार्च, सोमवार

पार्ट आला. चुकीचा. मोठ्या ट्रकचा आहे, आमच्या गाडीत बसवला तर गाडीच त्यावर बसवावी लागेल. मिस्त्री मात्र तो हातात धरून बराच वेळ कौतुक करत होता. म्हणाला, बघा तरी काय मजबूत आहे.

बदली कधी? परवा.

सोफेवाल्याने सोफा थोडा सरकवलाय, ऊन येतं म्हणून. आता बाजूला टीपॉयही आहे.

मी मिस्त्रीला सांगितलं की आलेच आहे तर हँडब्रेकची तार बघा, ऑइलचे पाइप बघा, हॉर्न बघा, वायपर बघा. तो म्हणाला, वहिनी, वायपरचा ब्रेकशी काय संबंध? मी म्हटलं, दिसलं तर थांबणार ना माणूस.

संध्याकाळी हे वैतागून आले. मिस्त्रीने ह्यांना सांगितलं की इतकी वर्षं गॅरेज चालवतोय, घाई करा म्हणणारी गिऱ्हाइकं रोज येतात, घाई करू नका म्हणून रोज येणारी तुमच्याच घरची. हे म्हणाले, तुला घाई करा म्हणून सांगायला पाठवतो ना मी? मी म्हटलं, माझी पद्धत वेगळी आहे.

ह्या मिस्त्री लोकांमुळे खरंच नाकी नऊ आलेत. किती उशीर करतात.

१२ मार्च, बुधवार

घरी सराव सुरू केला. मला गरज नाही, पण गुंडीला सवय व्हावी.

स्वयंपाकघरात दोन खुर्च्या शेजारी मांडल्या. एकीवर हे, हातात ताटाचं स्टिअरिंग. दुसरीवर मी, मांडीवर गुंडी. सासूबाई समोर उभ्या राहून सांगणार, डावीकडे वळण, उजवीकडे वळण, आली बकरी. हे तोंडाने गाडीचा आवाज काढत होते. चांगला काढतात, गिअर बदललेलाही कळतो.

पहिली दोन वळणं झकास गेली. मग सासूबाईंनी खोडी काढायला मधेच सांगितलं, ब्रेक गेला. मी पाय दाबला. समोर प्लास्टिकचं टोपलं होतं कपड्यांचं. आता नाही.

सासूबाई हसून हसून खाली बसल्या. गुडघा दुखतोय म्हणाल्या. मी तेच सांगत होते.

१३ मार्च, गुरुवार

बरोबरचा पार्ट आला. आज बसवला. उशिरा का होईना. मी रोज मागे लागले म्हणून.

हे हॅचरीवर गेले होते आणि मिस्त्रीला पेडल दाबायला माणूस हवा होता. नवीन सिलिंडर घातला की पाइपात हवा राहते, ती काढावी लागते. एक जण सीटवर बसून पेडल दाबून धरतो, मिस्त्री गाडीखाली पडून चाकाजवळचा नट सैल करतो, ऑइलबरोबर हवा फुस्स करून बाहेर येते, तो नट आवळतो, मग सोडायचं. परत दाबायचं. असं चारही चाकांना. सोफेवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, आत्ताच टेकलोय. मी म्हटलं, मी करते. गुंडीला त्याच्याकडे सोफ्यावर दिली.

गाडीच्या खऱ्या पेडलवर पाय ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा. खालून मिस्त्री म्हणाला, दाबा. दाबलं. फुस्स झालं. म्हणाला, सोडा.

मी सोडलं. म्हणजे सोडायचं ठरवलं. पाय काही ऐकेना. मिस्त्री म्हणाला, वहिनी, सोडा. मी म्हटलं, सोडते हो. तो म्हणाला, सोडलं का? मी म्हटलं, जवळजवळ. शेवटी तो गाडीखालून निघाला, दारातून आत वाकला आणि माझ्या गुडघ्याकडे बघत राहिला. आणि अगदी हळू आवाजात म्हणाला:

"वहिनी, गाडी उभी आहे. चाकाखाली दगड आहेत. कुठे जात नाही ती."

मी म्हटलं, ठाऊक आहे मला. तुमचं काम पक्कं व्हावं म्हणून धरलंय.

मग सुटला पाय. उरलेली तीन चाकं व्यवस्थित झाली. मिस्त्री म्हणाला, इतकं घट्ट आजवर कोणी धरलं नव्हतं. माणसाला कौतुक केलेलं कळतं.

संध्याकाळी हे गॅरेजला गेले ते बराच वेळ मिस्त्रीशी बोलत बसले. मग घरी येऊन सासूबाईंशी. मी गेले की दोघं विषय बदलतात. माझ्याच पायाचं कौतुक चाललं असणार.

१४ मार्च, शुक्रवार

आज आनंदाची गोष्ट झाली, लगेच लिहिते.

मिस्त्रीने सांगितलं, वहिनी, तुमच्या पायाची ताकद वाया जातेय. ड्रायव्हिंग शिकवायच्या गाड्यांना कसा शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असतो, तसा तुमच्या बाजूला बसवून देतो. मी म्हटलं, असं करता येतं? तो म्हणाला, डोंगराचं काम आहे, दोन ब्रेक असलेले बरे. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खिडकीबाहेर बघत होते, पण मान हलवली.

आणि बसवलासुद्धा! ज्या माणसाला एक नट आणायला परवा लागतो त्याने चहा निवायच्या आत अख्खा ब्रेक बसवला. लोकांना काम सांगायची पद्धत असते, ती मला आहे.

पेडल छोटंसं आहे, काळं, रबराचं, खाली स्प्रिंग. दाबलं की टक् आणि सोडलं की टक्. कुठेतरी बघितल्यासारखं वाटतं. मिस्त्रीला म्हटलं तसं. तो म्हणाला, कंपनीची सगळी अशीच दिसतात.

घरी आले तर स्वयंपाकघरातला कचऱ्याचा डबा पायाने उघडेना. खालचं पेडलच गायब. गुंडीने ओढून काढलं असणार, हल्ली दिसेल ते ओढते. सासूबाई एरवी चमचा हरवला तरी घर डोक्यावर घेतात. आज म्हणाल्या, असू दे, झाकण हाताने उघडू. वयाने माणूस निवळतं.

१५ मार्च, शनिवार

रिकाम्या गाडीची ट्रायल. दोन चकरा मारल्या.

पहिल्या स्पीडब्रेकरला मी दाबलं, गाडी हळू झाली. चौकात दाबलं, थांबली. शाळेसमोर दाबलं, थांबली. एवढा अलगद ब्रेक मी ह्यांच्या पायानेसुद्धा कधी लागलेला बघितला नाही. पेट्रोल पंपापाशी एकदा दाबूनही गाडी गेली तशीच पुढे. हे म्हणाले, तो नवीन आहे ना, मधेच विचार करतो. ते पटलं. नवीन माणसालाही वेळ द्यावा लागतो.

ह्यांना म्हटलं, तुम्ही फार उशिरा ब्रेक लावता, माझ्याकडे बघत चला. हे म्हणाले, बघतो. गरीब माणूस आहे. दुसरा असता तर भांडला असता.

परत येताना मी एक गाणं गुणगुणले. गाडीत. चालत्या गाडीत! सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी हातातला झारा खाली ठेवला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. का कोण जाणे.

१७ मार्च, सोमवार, सकाळ

आज लोड. घाईत लिहिते. चहा तसाच ठेवला. काल जास्त जेवण झालं. गुंडीचं दुपटं घेतलं, पाण्याची बाटली घेतली, गुंडीचे जास्तीचे कपडे घेतले, माझेही घेतले. हे म्हणाले, आपण संध्याकाळी परत येणार आहोत. मी म्हटलं, माहितीये.

सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, काही वाटलं तर पाय दाब. आता त्यांनाही पटलंय.

तीच तारीख, संध्याकाळ

पोचलो! परत आलो! सगळे जिवंत! पिल्लंसुद्धा!

नीट पहिल्यापासून लिहिते. हॅचरीत खोके भरले तेव्हा असा चिवचिवाट की मॅडम काय बोलतायत ते त्यांच्या ओठांवरून ओळखत होते. पिवळी पिवळी, मुठीएवढीसुद्धा नाहीत, सगळी एकदम बोलणार. आमच्या गल्लीतल्या बायका बऱ्या. मॅडमला मी अभिमानाने माझा ब्रेक दाखवला. त्यांनी वाकून बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनाही खोकला आला. पिसांचा त्रास होतो म्हणे.

चढ सोपा गेला. वर डोंगरावर थांबलो, मी उतरले, एकेक खोका उघडला, कोपऱ्यात गर्दी केलेल्यांना हाताने पसरवलं. चला, सरका, त्याला जागा द्या. एक पिल्लू गळून गेलं होतं, मान टाकलेली. त्याला तसं ठेवता येईना. ओंजळीत घेऊन केबिनमध्ये आणलं, गुंडीच्या दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेतलं. आता मांडीवर दोघं.

मग उतार. एका बाजूला काहीच नाही ते खरंच काहीच नव्हतं. पहिलं वळण, मी दाबलं. दुसरं वळण, दाबलं. पेडल टक् टक् करत होतं. समोर कळपच्या कळप शेळ्या आल्या, मी दोन्ही पायांनी दाबलं आणि गाडी त्या शेळ्यांपासून हातभर अंतरावर अशी अलगद थांबली की शेळ्यांनी वळूनही बघितलं नाही. मी ह्यांना म्हटलं, बघितलंत? हे म्हणाले, बघितलं. कपाळावर घाम होता ह्यांच्या. गाडी चालवणाऱ्याला वाटते थोडी भीती, त्यात लाजायचं काय.

पुढच्या वळणाआधी पिल्लाला ऊब लागली, जीव आला, आणि ते दुपट्यातून टुणकन खाली उतरलं. गेलं ते थेट माझ्या पेडलवर जाऊन बसलं. आता मी पाय कसा ठेवणार? तेवढ्यात वळण आलं. मोठं. मी डोळे मिटले. ब्रेकवर कोणाचाच पाय नाही, फक्त ते.

गाडी हळू झाली, वळली आणि सरळ लागली.

म्हणजे पिल्लाच्या वजनानेच ब्रेक लागला. काय नाजूक काम केलंय मिस्त्रीने. तसंच बसून राहिलं ते, पार खाली फार्म येईपर्यंत. सगळी वळणं त्यानेच काढली. मी नंतर नंतर डोळे उघडेच ठेवले होते. दरीकडेही बघितलं एकदा. तळाला एक ओढा आहे, छान आहे.

फार्मवाल्याने खोके मोजून घेतले, एकही दगावलं नाही म्हणाला. मॅडमचा ह्यांना तिथेच फोन, दर सोमवारी या. वर्षभर. ह्यांनी फोन ठेवला आणि गाडीच्या टपावर दोन्ही हात आपटले. गुंडीने पण आपटले. लांबचा ट्रक गेला उडत.

ते पिल्लू फार्मवाल्याला देताना सांगितलं, ह्याच्याकडे जरा लक्ष द्या, गाडी येते ह्याला.

१८ मार्च, मंगळवार

दूधवाल्या काकूला सगळं सांगितलं. तिचा नवरा तिच्या बाजूला बसून सारखा पाय आपटतो, सांडग्यासारखं तोंड करून बसतो, तिचं लक्ष उडतं. मी म्हटलं, काकू, त्याला ब्रेक बसवून दे. माझ्यावर विश्वास ठेव. मी पिल्लाने चालवून बघितलाय.

ठरवलं आहे: ज्यांना भीती वाटते त्यांना मदत करायची. देवाने आपल्याला धीट केलंय तर त्याचा लोकांना उपयोग व्हावा.

२० मार्च, गुरुवार

काकूच्या नवऱ्यालाही पेडल बसलं. माणूस बदलला म्हणे, गाडीत शीळ घालतो. सोफेवाल्याने सोफ्यावरूनच चौकशी केली, त्याला सासऱ्यांसाठी हवंय. गाडी तयार झाली की. मांजरीची पिल्लं आता चालायला लागलीत, म्हणजे फार दिवस नाहीत.

मिस्त्री मला बघून उठून उभा राहिला. म्हणाला, वहिनी, तुमच्यामुळे धंदा वाढला, पण आता पेडलं कुठून आणू? मी म्हटलं, कंपनीकडून मागवा. तो म्हणाला, हो, परवा येतील.

नर्सबाईही भेटल्या. म्हणाल्या, वही लिहिता का? मी म्हटलं, लिहिते, पण भीतीचं काही सापडतच नाही लिहायला. त्या म्हणाल्या, आज हात थरथरत नाहीत. मी म्हटलं, आज थंडी नाही.

२३ मार्च, रविवार

उद्या लोड. दुपारी गाडी धुवायला घेतली. हे झोपले होते. गुंडीचा खुळखुळा माझ्या सीटखाली गेला होता म्हणून वाकून हात घातला, हाताला पेडल लागलं, जरा धरलं तर हातात आलं.

पूर्ण हातात. रबर, स्प्रिंग, एक पट्टी आणि एक स्क्रू. खाली चटई. चटई उचलली. खाली पत्रा. माझ्या टाचेचा खड्डा. पाइप नाही. तार नाही. पत्र्याला भोकसुद्धा नाही. मी पलीकडे ह्यांच्या पेडलखाली वाकून बघितलं, तिथे सगळं आहे, दांडा आहे, सिलिंडर आहे. माझ्याकडे काही नाही.

पेडल उलटं केलं. मागे आमच्या कचऱ्याच्या निळ्या डब्याचा रंग लागलाय.

पेडल मांडीवर ठेवून गाडीत बसले. गुंडी खुळखुळा खात होती.

मग हिशोब लागत गेला. शेळ्या. चौक. शाळा. पंपापाशी विचार करणारा ब्रेक. ह्यांच्या कपाळावरचा घाम. आणि ते पिल्लू. फार्मवाल्याला मी काय सांगून आले ते आठवलं आणि एकटीच असून तोंड लपवलं.

भांडायचं ठरवलं. आत गेले. हे अंगावर चादर घेऊन पडलेले, तोंड उघडं. त्या डोंगरावर ह्या माणसाने एकट्याने गाडी उतरवली, बाजूला मी सूचना देतेय, आणि हा बघतो म्हणतोय. उठवलं नाही.

स्वयंपाकघरात गेले. म्हटलं निदान ज्याचं त्याला द्यावं. डबा आडवा केला, पेडल लावायला लागले, चमच्याच्या टोकाने स्क्रू फिरवत. मागे सासूबाई कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. मग त्यांनी खाली बसून माझ्या हातातला चमचा घेतला.

"डब्याला नको लावू," म्हणाल्या. "डबा काय, हाताने उघडतो."

आणि गॅसवरचं दूध बघायला गेल्या.

परत गाडीत आले. स्क्रू पत्र्यात नीट बसेना, मिस्त्रीने घाईत केलेलं काम. चटई दुमडून पक्कं केलं. दाबून बघितलं. टक्. सोडलं. टक्.

काकूला सांगायचं का? नको. तिचा नवरा शीळ घालतोय. सोफेवाल्याला मात्र सांगायला हवं की कंपनीकडून येणार नाहीत, डबा बघून ठेवा.

नर्सबाईंनी सांगितलं होतं, ज्याची भीती वाटते ते लिहा. तर लिहिते. उताराची वाटते. त्या बाजूला काहीच नाही त्याची वाटते. ह्यांना काही होईल ह्याची वाटते. गुंडी मांडीवरून सुटेल ह्याची रोज वाटते, घरात बसलेली असतानाही वाटते. पहिल्या पानापासून वाटते. त्या दिवशी किंचाळले ती मीच.

लिहिलं. कमी झाली का ते उद्या दुसऱ्या वळणावर कळेल. आता कचरा टाकून येते. झाकण हाताने उघडायचं आहे.